मे महिन्यातील अकरा ते पाच : सुट्टीतल्या दुपारींचे काय करावे?

इंदिरानगरवासी

नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. मुलगी नुकतीच सहावीत गेली आहे आणि मुलगा दुसरीत. आम्ही दोघेही नोकरी करतो. यजमानांची अंबडच्या कारखान्यात पाळी असते आणि माझे कार्यालय सहाला सुटते. घरी सासूबाई असतात. त्यांचे मुलांवर बारीक लक्ष असते, परंतु गुडघेदुखीमुळे त्यांना मुलांच्या मागे धावणे शक्य नाही.

सुट्टीतील सकाळ आणि संध्याकाळ यांची मला मुळीच चिंता नाही. सकाळी साडेनऊपर्यंत सायकली आणि संध्याकाळी साडेपाचनंतर सोसायटीच्या आवारातील क्रिकेट, एवढ्यावर दोघेही खूश असतात. खरा प्रश्न आहे तो अकरा ते पाच या वेळेचा. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, घरात पंख्याची गरम हवा आणि हातात मोबाईल. आमच्या परिसरातील बहुतेक उन्हाळी शिबिरे सकाळी आठ ते दहा या वेळात भरतात, म्हणजे मुले एरवीही आनंदाने बाहेर असतात नेमक्या त्याच वेळी. दुपारचा वाली कोणीच नाही. त्यामुळे शिबिरांची नावे सुचवण्याऐवजी, घरातल्या घरात, फारसा खर्च न करता आणि एका ज्येष्ठ व्यक्तीच्या देखरेखीखाली मुलांची दुपार कशी जाईल, यासंबंधी आपण काय करता ते लिहावे, ही विनंती.

सातपूरकर

आपण शिबिरांच्या वेळेविषयी लिहिले आहे ते तंतोतंत खरे आहे. गेल्या वर्षी आम्ही मुलाला एका शिबिरात घातले होते. चित्रकला, नृत्य, हस्तकला आणि ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असे सगळे एकाच शिबिरात शिकवणार, असे सांगण्यात आले होते. सात वर्षांच्या मुलाच्या व्यक्तिमत्त्वाचा पंधरवड्यात कोणता विकास व्हायचा होता हे आम्हाला अद्याप उमगलेले नाही. शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम झाला, छायाचित्रे निघाली आणि चमकी चिकटवलेला एक कागदी पेला घरी आला.

मात्र सगळ्या शिबिरांना एका माळेत ओवू नये. भाचीच्या नाट्यशिबिराचा अनुभव अगदी वेगळा होता, कारण तेथे मिळालेले संवाद घरी पाठ करावे लागत, टोपी नाहीतर तलवार पुठ्ठ्यातून कापावी लागे आणि दुपारभर घरात तालीम चाले. शिबिर सकाळचे असले तरी ज्याचे काम दुपारी घरी पुरते, ते घ्यावे, असे माझे मत आहे. पैसे भरण्याआधी एका शिक्षकामागे किती मुले आहेत, पिण्याच्या पाण्याची सोय काय आणि मुलाला परत नेईपर्यंत तेथे कोण थांबते, एवढे तरी विचारून घ्यावे.

जुनी पंचवटी

ताई, तुमच्या घरात दोन मुले आणि एक आजी, अशी तीन माणसे दुपारी असतात. पत्त्यांतला पाच-तीन-दोन हा डाव बरोबर तिघांचाच आहे, म्हणून आधी तोच सुचवतो.

आमच्या वाड्यात मे महिन्याची दुपार म्हणजे माजघर, शहाबादी फरशी आणि पत्ते, असे समीकरणच होते. हल्लीच्या मुलांना हा डाव येत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बावन्नपैकी तीसच पाने घ्यायची : चारही रंगांची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची पाने आणि त्यांच्या जोडीला इस्पिक व बदाम यांच्या सत्त्या. प्रत्येकाला दहा पाने येतात. एकाने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, आणि वाटणाऱ्याने दोन. ज्याच्यावर पाच हातांची जबाबदारी, त्याला पहिली पाच पाने पाहून हुकूम बोलण्याचा मान मिळतो. पुढच्या डावात जबाबदाऱ्या फिरतात, त्यामुळे कायमचा राजा कोणीच नसतो.

या डावाची खरी गंमत उधारीत आहे. ज्याने ठरल्यापेक्षा जास्त हात केले, तो पुढच्या डावाच्या आरंभी कमी हात करणाऱ्याकडून न पाहता तितकी पाने ओढतो आणि बदल्यात स्वतःची नको असलेली पाने देतो. कोणाचे कोणाकडे किती हात येणे आहेत, याचा हिशेब दुसरीतला मुलगा कागदावर न मांडता ठेवू लागतो आणि हुकमाची राणी आजीने ओढून नेली की वाद घालायलाही शिकतो. हे दोन्ही त्याला शाळेत कोणी इतक्या गोडीने शिकवणार नाही. शिवाय हा खेळ बसल्या जागी होतो, त्यामुळे आजींच्या गुडघ्यांवर ताण येत नाही. मुलगा अगदीच कंटाळला तर बदामसात आहेच. तीत डोके कमी लागते आणि आरडाओरडा अधिक होतो.

सागरगोटे मिळाले तर तेही आणून ठेवावेत. पूजेच्या साहित्याच्या किंवा काष्ठौषधींच्या दुकानात चौकशी करावी. ती एका काटेरी वेलीची राखाडी, गुळगुळीत बी असते. मुलींचा खेळ म्हणून मुलाला त्यातून वगळू नये. एक हवेत उडवून खालचे दोन उचलताना भल्याभल्यांची फजिती होते.

माहेर निफाड

पत्ते उत्तमच, परंतु सगळी दुपार खेळातच घालवायची, हे माझ्या मनाला पटत नाही. मुलांना खरे काम हवे असते. ‘खरे’ म्हणजे ते झाले नाही तर घराचे काहीतरी अडेल असे. उन्हाळ्यात असे काम आपसूक चालून येते, ते म्हणजे वाळवण.

कुरडयांचेच पाहा. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि त्यांचे पाणी रोज बदलायचे. पाणी बदलणे हे मुलांचे काम. वासावरून गहू किती आंबले ते ओळखायला त्यांना पहिल्याच वर्षी येऊ लागते. नंतर गहू वाटून, गाळून चीक काढायचा व तो रात्रभर ठेवायचा. सकाळी वर साचलेले पाणी अलगद ओतून दिले की तळाशी घट्ट पांढरा चीक उरतो. तो मिठाच्या उकळत्या पाण्यात घालून सतत ढवळत शिजवताना पांढऱ्याचा हळूहळू काचेसारखा पारदर्शक होतो, आणि हे पाहण्यासाठी मुले स्वयंपाकघराच्या दारात उभी राहतातच. येथे मात्र त्यांना दारातच थांबवावे, कारण शिजलेला चीक हातावर पडला तर चिकटून बसतो आणि वाईट भाजतो. सोऱ्या दाबण्याचे कामही मोठ्यांनीच करावे. वाटीभर चीक दूध-साखर घालून मुलांच्या हाती दिला की त्यांची तक्रार राहत नाही.

यापुढचे सगळे काम मुलांचे. सकाळी ऊन चढण्याआधी गच्चीवर जुने सुती पातळ अंथरून त्याच्या चारही कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, कुरडयांची रांग सरळ राहते की नाही ते पाहायचे आणि मग जिन्याच्या सावलीत बसून कावळ्यांवर पहारा द्यायचा. वरची बाजू कडक झाली की कुरडई उलटायची. ती घाईने उचलली तर तुटते आणि कापडाला चिकटलीच असेल, तर कापडाच्या खालच्या बाजूने पाण्याचा हलका शिपका मारला की सुटते. पहारा देताना हातात पुस्तक असावे. माझे निम्मे बालवाचन कावळे हाकतच झाले.

सासूबाईंना खाली बसवत नसेल तर त्यांना खुर्चीवर बसवून देखरेख त्यांच्याकडे द्यावी. कुरडया हे फार मोठे प्रकरण वाटत असेल, तर बटाट्याच्या किसापासून आरंभ करावा.

इंदिरानगरवासी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना पाच-तीन-दोन येतो, एवढेच नव्हे तर त्या त्यात तरबेज आहेत, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी आज कळले!

वाळवणाची कल्पना मुलीला वाचून दाखवली. तिचा पहिला प्रश्न असा, की हे काम माझ्या एकटीच्याच गळ्यात पडणार का? तिचा हा प्रश्न मला रास्त वाटतो. शिवाय तिला विज्ञानाची विशेष आवड आहे आणि ‘घरकाम हाच प्रयोग’ ही माझी युक्ती ती तात्काळ ओळखते.

माहेर निफाड

तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. गहू उपसणे, कापड अंथरणे आणि पहारा या तिन्ही कामांची पाळी लावावी आणि यजमानांची पाळी सकाळची नसेल त्या दिवशी सोऱ्या त्यांच्या हाती द्यावा. सोऱ्या दाबायला ताकद लागते, हे सांगितले की पुरुष मंडळी सहसा मागे हटत नाहीत.

जि. प. शिक्षक

विज्ञानाची आवड असलेल्या मुलीसाठी मे महिन्याच्या दुपारीसारखी प्रयोगशाळा नाही, आणि नाशिककरांना तर हे भाग्य अगदी सुट्टीच्या मध्यावर लाभते. मी शून्य सावलीच्या दिवसाविषयी लिहीत आहे.

नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य उत्तरेकडे सरकत 20 मेच्या आसपास बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि त्या दिवशी मध्यान्ही सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. त्यानंतर सूर्य कर्कवृत्तापर्यंत जाऊन परत फिरतो, तेव्हा जुलैच्या उत्तरार्धात हाच योग पुन्हा येतो. परंतु त्या वेळी आभाळात ढग असल्याने आपल्याला तो बहुधा दिसत नाही. म्हणून मेमधील संधी दवडू नये. पुण्यात हा दिवस आपल्याआधी आठवडाभर येतो. पुण्यात कोणी मावसभावंडे असतील तर त्यांना दूरध्वनी करून त्यांच्याकडील सावली कधी नाहीशी झाली हे विचारावे आणि अक्षांशाचा अर्थ मुलीने स्वतःच लावावा.

एकच दिवस पाहण्यापेक्षा महिनाभराची नोंद ठेवणे अधिक मोलाचे आहे. एक मीटर लांबीची काठी सरळ उभी करून रोज दुपारी साडेबाराच्या सुमारास तिच्या सावलीचे टोक खडूने नोंदवावे. मेच्या पहिल्या तारखेला ही सावली उत्तरेकडे सुमारे 9 सेंटिमीटर पडते, पुढे रोज आखडत जाते, 20 तारखेच्या सुमारास नाहीशी होते आणि मग दक्षिणेकडे पडू लागते. दुपारची सावली दक्षिणेला पडलेली पाहिली की मुले पहिल्यांदा आपल्यालाच दिशा चुकली असे समजतात. भारतात राहणारी बरीचशी मोठी माणसेही सूर्य मध्यान्ही नेहमी दक्षिणेलाच असतो असे धरून चालतात.

बारा वाजता न पाहता साडेबारा वाजता का पाहायचे, हाही प्रश्न तिच्यापुढे ठेवावा. आपल्या घड्याळाची वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि नाशिक त्याच्या पश्चिमेस जवळजवळ पावणेनऊ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला मध्यान्ह सुमारे पस्तीस मिनिटे उशिरा होतो. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या तीन-चार मिनिटे पुढे असतो, ती वजा केली की साडेबारा उरतात.

उन्हात दोन मिनिटेच जायचे आहे, पण टोपी घालून आणि पाणी पिऊन. उरलेली दुपार नोंदवही, आलेख आणि तर्क यांत जाते. धाकट्यासाठी सोपा प्रयोग हवा असेल तर पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात. एकीला ओले फडके गुंडाळून दोन्ही पंख्याखाली ठेवाव्यात आणि तासाभराने कोणते पाणी गार झाले ते पाहावे. माठ नाशिकमध्ये जितके गार पाणी देतो तितके मुंबईत का देत नाही, हे त्याला पुढे आपोआप सुचेल.

सातपूरकर

गुरुजी, हे वाचून आमच्या घरी आताच काठी शोधण्यास आरंभ झाला आहे.

अभियांत्रिकी तृतीय वर्ष

मोबाईलविषयी कोणीच काही लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. दुपारभर मोबाईल हाती देणे अयोग्य आहे, हे मान्य. परंतु तो कपाटात कुलूपबंद केल्याने मुलांचे सगळे चित्त त्या कपाटाकडेच लागते. त्याऐवजी मोबाईलला एखादे काम जोडून द्यावे, असे मला वाटते.

दादासाहेब फाळके यांचा जन्म आपल्या त्र्यंबकेश्वरचा, 1870 मधला. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये प्रदर्शित झाला, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याआधी त्यांनी कुंडीतील वाटाण्याचे रोप कसे वाढते याची थोडी थोडी छायाचित्रे घेऊन एक छोटा चलत्पट तयार केला होता, हे मुलांना सांगितले तर ती थक्क होतात. हाच प्रयोग घरी करता येतो. मेच्या उष्म्यात मटकीला मोड येण्यास वेळ लागत नाही. काचेच्या वाटीत ओल्या कापसावर मटकी ठेवावी, पुस्तकांच्या चळतीवर मोबाईल पक्का करावा आणि ठरावीक अंतराने एकेक छायाचित्र घ्यावे. छायाचित्रे जोडून देणारी साधने विनामूल्य मिळतात. एका सेकंदाला दहा छायाचित्रे धरली तर शंभर छायाचित्रांतून दहा सेकंदांचे चित्रण होते. एवढ्याशा चित्रणासाठी इतका खटाटोप का करावा लागतो, हे त्यातून समजते. खिडकीतील ऊन सरकले की चित्रांत फरक पडतो, म्हणून पडदा लावून एकच दिवा चालू ठेवावा. मोबाईल असा कामाला जुंपला की तो खेळण्यासाठी मोकळाही राहत नाही, हा यातील छुपा लाभ.

जुनी पंचवटी

हे उत्तम आहे. वाटाण्याची गोष्ट मलाही माहीत नव्हती.

वाचनालयाचा सभासद

सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आपल्या शहरात आहे, आणि तरीही अनेक पालक सुट्टी लागल्यावर पुस्तके ऑनलाइन मागवतात, याचे मला नवल वाटते. वाचनालयात मुलांना स्वतः नेऊन त्यांना स्वतःच पुस्तक निवडू द्यावे. निवड चुकली तरी चालेल, दोन दिवसांनी बदलून घेता येते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या 2009 मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात वाचकांच्या गटाला पुस्तकांची पेटीच मिळते. आपल्या सोसायटीत मुलांची संख्या पुरेशी असेल तर त्याविषयी प्रतिष्ठानकडे चौकशी करण्यास हरकत नाही.

दुपारच्या वाचनाबाबत एकच सुचवतो. मुलांना ‘वाच’ असे सांगण्याऐवजी आजींना वाचून दाखवण्याचे काम द्यावे. जेवणानंतर आजी पडल्या पडल्या ऐकतात, मध्येच डोळा लागला तर वाचणाऱ्याला राग येतो आणि मग आवाज आपोआप चढतो. मुलीला सहावीच्या इतिहासाची गोडी लागली असेल तर संध्याकाळी गोदाकाठी वसंत व्याख्यानमालेतील एखादे व्याख्यानही ऐकवावे; धाकट्याला मात्र नेऊ नये, तो पहिल्या दहा मिनिटांत भेळेचा हट्ट धरेल.

भटकंती नाशिक

सहावीच्या इतिहासाचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. सहल सकाळी करावी, परंतु तिचे काम दुपारी घरी यावे, हे सूत्र पांडवलेण्यांना चपखल लागू पडते. ऊन चढण्याआधी पायऱ्या चढून जावे. तेथे चोवीस लेणी आहेत. त्यांपैकी एका दिवशी तिसरे आणि दहावे एवढीच नीट पाहावीत. तिसऱ्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, आणि दहाव्यात सातवाहनांचा प्रतिस्पर्धी नहपान याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. म्हणजे परस्परांशी लढलेली दोन घराणी एकाच डोंगरावर भिक्षूंना दान देत होती. मुलीने तेथील ब्राह्मी अक्षरांची छायाचित्रे घ्यावीत आणि घरी आल्यावर ब्राह्मीचा तक्ता समोर ठेवून त्यांतील ओळखता येतील ती अक्षरे हुडकावीत. ‘ग’, ‘त’, ‘म’ सापडले की पुढे थांबवणे अवघड जाते. स्वतःचे नाव त्या लिपीत लिहून खोलीच्या दारावर लावण्यात आणखी एक दुपार जाते.

भर दुपारी बाहेर पडायचेच असेल तर सिन्नरचे गारगोटी संग्रहालय छताखाली आहे. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेले झिओलाइट या खनिजाचे स्फटिक तेथे पाहायला मिळतात.

एक सूचना कळकळीने करतो. सोमेश्वरचा धबधबा, गंगापूर धरणाची मागील बाजू आणि नदीतील डोह येथे मुलांना ‘जरा पाय बुडवायला’ म्हणूनही सोडू नये. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखालच्या खडकांचा आणि खोलीचा अंदाज येत नाही, आणि उन्हाळ्यात दरवर्षी अशा दुर्घटनांच्या बातम्या वाचाव्या लागतात. पोहणे शिकवायचे असेल तर ते जीवरक्षक असलेल्या तलावातच शिकवावे.

सातपूरकर

मेअखेरीस भंडारदऱ्याला काजवे पाहण्यास न्यावे का? मुलगा फार मागे लागला आहे.

भटकंती नाशिक

न्यावे, परंतु शनिवार-रविवार टाळून. त्या दोन रात्री गाड्यांच्या दिव्यांपुढे काजवे दिसतच नाहीत, आणि त्यांचे लुकलुकणे हे जोडीदाराला बोलावण्यासाठी असल्यामुळे आपल्या विजेऱ्या आणि मोबाईलचे दिवे त्यांच्या कामात थेट विघ्न आणतात. विजेरी अत्यावश्यक असेल तरच लावावी आणि तीही लाल कागद गुंडाळून, जमिनीकडे रोखून. मात्र ही रात्रीची गोष्ट झाली. या धाग्याचा विषय दुपार आहे.

इंदिरानगरवासी

एवढ्या सूचना एकदम अमलात आणल्या तर आमच्याकडे सुट्टीचेच शिबिर होईल, म्हणून घरी बसून निवड केली. जेवणाआधी सावलीची नोंद आणि जेवणानंतर आजींसाठी वाचन, या दोन गोष्टी रोज होतील. पत्ते तीन ते चार. मटकीचे चित्रण मुलीने स्वतःकडे घेतले आहे आणि त्या काळात मोबाईल कोणालाही मिळणार नाही, असे तिनेच भावाला बजावले आहे. कुरडया मात्र यंदा नाहीत. सासूबाईंनी बटाट्याच्या किसाला संमती दिली आहे. उरलेल्या वेळात मुलांनी कंटाळावे, अशी माझी इच्छा आहे. प्रत्येक तास भरलाच पाहिजे असे नाही, हे मला या चर्चेतूनच पटले.

एक अडचण उरली आहे. आमच्या सोसायटीच्या गच्चीला कुलूप असते आणि चिटणीस किल्ली देत नाहीत. सज्जात काठी उभी करून सावली मोजता येईल का?

जि. प. शिक्षक

सज्जात जमणार नाही, कारण सूर्य डोक्यावर असताना वरच्या मजल्याचा सज्जा आड येतो. त्यासाठी गच्चीच लागते असेही नाही. वाहनतळाच्या कडेला आभाळ मोकळे दिसणारी आणि सपाट अशी हातभर जागा पुरते. तेथे साडेबाराला कोणाची गाडी उभी राहत नाही ना, एवढे आधी पाहून घ्यावे. काठी सरळ आहे की नाही हे डोळ्यांनी न ठरवता दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा करावा आणि दोन बाजूंनी तपासावे, कारण काठी एक अंशाने जरी कलली तरी सावलीत पावणेदोन सेंटिमीटरचा फरक पडतो आणि 20 तारखेला ती नाहीशीच होत नाही. एवढे करून सावली राहिलीच, तर मुलीची नोंदवही येथे अवश्य टाकावी, आपण सगळे मिळून पाहू.